खाडीची हरकत, सदाशिव पेठेच्या अक्षरात

हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्या काकूंचं आधी सांगते, नाहीतर खाडीचं सांगण्याच्या नादात त्या राहून जातील आणि मला ते लागून राहील. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात आणि मी त्यांच्याकडे रोज सकाळी सहा पोळ्या करते. त्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होत्या. म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची आणि कागद आणणाऱ्याला त्याच्या प्रतीवर पोच द्यायची. आयुष्यभर हेच केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही दारात आलेल्या दुधाच्या पिशवीकडे त्या अशा बघतात की आता हिलाही नंबर मिळणार.

मी मूळची तळकोकणातली. आमचं घर खाडीच्या तोंडाशी, जिथून पुढे समुद्रच लागतो. सातवीपर्यंत शाळा झाली. आठवीची शाळा खाडीपलीकडे होती, पावसाळ्यात होडी बंद व्हायची, आणि चार महिने घरी बसल्यावर पुन्हा वर्गात जायची मला लाज वाटली. लग्न होऊन पुण्यात आले. नवरा मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर असतो, मी काकूंशिवाय आणखी पाच घरी पोळ्या करते. स्वभाव काळजीचा. काकूंकडचा गॅस बंद केला का नाही, म्हणून मी दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आले आहे. दुसऱ्या वेळी काकूंनी दारही उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "इथला बंद आहे. तुझ्या डोक्यातला तेवढा राहिलाय."

तर एके दिवशी भावाचा फोन आला. भाऊ गावी आईजवळ असतो.

"बाय, खाडीत घाण सोडतले," तो म्हणाला.

आमच्याजवळच्या शहरवजा गावाची नगरपंचायत झाली होती. तिथल्या सगळ्या गटारांचं आणि संडासांचं पाणी एका मोठ्या पाइपातून आणून खाडीच्या तोंडाशी सोडायचं ठरलं होतं. नोटीस लागली होती. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या.

"पाइपाचं तोंड कुठे येणार?" मी विचारलं.

"आये तिसऱ्यो काढता थंयच."

मी समोरच्या कणकेच्या परातीतच बसायची राहिले. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातला एक प्रकार. ओहोटी लागली की माझी आई गुडघाभर चिखलात जाते आणि हाताने वाळू उकरून त्या काढते. ती सोळा वर्षांची असल्यापासून काढते. ते विकूनच तिने आम्हाला वाढवलं, आणि आजही ती कुणाच्या हातातलं खात नाही, स्वतःचं खाते. तिथे संडासाचं पाणी आलं की तिसऱ्या कोण घेणार? मग आईला आमच्या पुण्यातल्या खोलीत आणून बसवायचं, एवढंच राहतं. मी हे मागे एकदा तिला सहज म्हणाले होते तर ती म्हणाली, "माका पुण्याक नेव नको. थंय मी हात खंय घालू?"

भावाचं म्हणणं असं, की गावाने सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र दिलंय, पण गावातल्यांचं कोण ऐकतो? नगरपंचायतीला पर्यटक पाहिजेत. पर्यटक येतात पुण्याहून. तर पुण्यातल्या लोकांच्या सह्या आण. "तू पुण्यातच आहेस ना?" म्हणाला. जसं काही पुण्यातले लोक माझ्या पदराला बांधलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे माझ्या हातून दोन पोळ्या करपल्या. काकू ताटाकडे बघून म्हणाल्या, "ही पोळी आहे की पंचनामा?"

मला रडूच आलं. मग सगळं सांगितलं. फोनवर आलेला नोटिशीचा फोटो दाखवला. काकूंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, लहान केला, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "जावक क्रमांक घातलेला नाही. बेशिस्त."

मग त्यांनी तिथल्या तिथे अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. आम्ही खालील सह्या करणारे पुण्याचे रहिवासी वरचेवर आपल्या किनाऱ्यावर येत असतो, सदर सांडपाणी खाडीत सोडल्यास किनारा खराब होईल आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची उपजीविका बुडेल, सबब आमची हरकत आहे. खाली रेघा मारून सह्यांना जागा. मला ते पत्र इतकं सुंदर वाटलं की मी ते पिठाचा हात लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत.

आता ज्यांनी पुण्यात सह्या गोळा केल्या नाहीत त्यांना काय सांगू. मला वाटलं होतं, पाच घरं, शेजारीपाजारी, दोन दिवसांत पान भरेल.

पहिल्या घरी निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"वरचेवर?" सर म्हणाले. "मी तिकडे अकरा वर्षांत एकदा गेलोय. खोटं लिहून देऊ सरकारला?"

"सर, बाकीच्यांसाठी आहे ते. तुम्ही तेवढं सोडून सही करा."

"सही अशी सोडून-धरून होत नसते, बाई."

त्यांनी समासात पेन्सिलीने दुरुस्ती केली, पण सही केली नाही, कारण आता ते पत्र त्यांच्या मते 'कच्चं' झालं होतं.

दुसऱ्या घरच्या आजोबांना मजकूर पसंत होता. पण सगळ्यांत वर समोरच्या फ्लॅटवाल्यांसाठी मी जागा ठेवली आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "त्यांच्या खाली माझं नाव? पार्किंगचा विषय मिटल्याशिवाय नाही." समोरच्यांकडे गेले, तर तेही तेच म्हणाले. पार्किंगचा विषय, मला नंतर कळलं, माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचा आहे.

तिसऱ्या घरी बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी पत्र ठेवून घेतलं आणि परवा बोलावलं. परवा गेले तर म्हणाले, "मसुदा ठीक आहे, पण मुख्य मुद्दाच नाही."

"कुठला हो?"

"आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा माझं पोट बिघडलं होतं. तीन दिवस. ते कुठे आलंय ह्याच्यात?"

चौथ्या ठिकाणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी सहाजण एका खोलीत राहतात. मला मावशी म्हणतात. त्यांना वाटलं मी सरावाचा प्रश्न आणलाय. एकजण म्हणाला, "मावशी, ह्यात प्रस्तावना नाही." दुसरा म्हणाला, "निष्कर्ष सकारात्मक पाहिजे, नाहीतर मार्क जातात." त्यांच्यातला एक चंद्रपूरकडचा. तो म्हणाला, "मी तर समुद्रच पाहिला नाही अजून. मी काय हरकत घेऊ?"

"पाहायच्या आधीच खराब होऊ नये म्हणून घे ना बे," त्याच्याच भागातला दुसरा म्हणाला.

पाचव्या घरी नवराबायको दोघं हिंजवडीला कंपनीत. ते फार चांगले वागतात माझ्याशी. म्हणाले, "ताई, पेपर कशाला, आपण ऑनलाइन करू ना." केलंसुद्धा. संध्याकाळपर्यंत कॅनडातून सही आली. पण काकूंना सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्या सहीला हात आहे का?"

आठवड्याने मी ते पान घेऊन काकूंसमोर उभी राहिले. सही एकही नव्हती. समास मात्र चारही बाजूंनी भरलेला. पेन्सिल, निळं पेन, हिरवं पेन, आणि एका कोपऱ्यात परीक्षेच्या पोरांनी आखलेली आकृती, तिला बाण. काकूंनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"हे कुणी खोडलं?"

"सरांनी."

"आणि ही भर?"

"बँकेतले काका. पोटाची आहे."

काकू लाल झाल्या. मी त्यांना कधी तशा पाहिलं नव्हतं. माझ्या मसुद्याला आमचे साहेबसुद्धा हात लावत नसत, असं म्हणाल्या. आणि तावातावाने मला सांगितलं, "जा आणि सांग सगळ्यांना. एवढे शहाणे आहात तर आपापलं लिहा म्हणावं. माझं पत्र माझ्यापुरतं."

मी तो निरोप पाचही घरी पोचवला. भीत भीत, पण शब्द न शब्द. आता वाटतं, त्या क्षणी आमचं काम झालं होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. मला वाटलं सगळं संपलं.

कारण पुण्यातला माणूस सही द्यायला सतरा विचार करतो, पण त्याला सांगा की तुम्हाला लिहिता येतंय का बघू, की झालं. सरांनी दोन पानं लिहिली. ते पार्किंगवाल्या आजोबांना कळलं, त्यांनी तीन लिहिली. समोरच्यांनी साडेतीन, आणि खाली टीप: 'शेजाऱ्यांच्या पत्राशी माझा काही संबंध नाही.' आजोबांच्या बायकोने वेगळं लिहिलं, कारण त्यांचं यजमानांशी पटलं नव्हतं. त्यांच्या मते पाइप चालेल, पण तो दूर खोल समुद्रात न्यावा आणि आधी पाणी शुद्ध करावं. आजोबांच्या दोन जिने खाली राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, 'मी मासे खात नाही, कधी खाणार नाही, तरीही खाणाऱ्यांच्या जिवाची मला काळजी आहे.' हिंजवडीच्या दोघांनीही शेवटी कागद घेतला; हाताने लिहायची सवय गेल्यामुळे त्यांचं अक्षर बघून मला त्यांची दया आली. बँकेतल्या काकांचं पत्र सहा मुद्द्यांचं होतं आणि चौथा मुद्दा पोट, दिनक्रमासह. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चिडून तिसऱ्याला. बघता बघता त्रेचाळीस पत्रं झाली.

चंद्रपूरच्या मुलाचं सर्वांत छोटं होतं. 'मी अद्याप समुद्र पाहिलेला नाही. नोकरी लागल्यावर पाहणार आहे. तोपर्यंत कृपया तो स्वच्छ ठेवावा.'

भावाला फोन करून सांगितलं तर तो संतापला. "एक कागद सांगितला होता, एक! हे काय निबंधस्पर्धा घेतलीस?" मी त्या दिवशी जेवले नाही. मुदत संपायला चारच दिवस होते.

काकूंनी मात्र सगळी पत्रं शांतपणे वाचून काढली. प्रत्येकाचा झेरॉक्स काढायला लावला. मग चष्मा काढून मला विचारलं, "तुझं कुठंय?"

"माझं?"

"आई तुझी आहे ना? का ती पण सरांची?"

मी म्हटलं, मला काय लिहायला येतंय, मी सातवी. काकूंनी ओट्यावर कोरा कागद ठेवला आणि बाहेर जाऊन बसल्या. मी हात धुतले, पुसले, परत धुतले. चार ओळी लिहायला मला कणीक मळून ठेवलेली वाळायला लागली एवढा वेळ लागला. माझी आई त्या जागी तिसऱ्या काढते, तिला दुसरं काम येत नाही आणि करायचंही नाही, तुम्ही पाइप तिथे सोडलात तर ती जिवंत राहील पण तिचं काही राहणार नाही, असं काहीतरी. काकूंनी वाचलं. मला वाटलं आता पेन काढतील. त्यांनी त्या कागदाचा फक्त वाकलेला कोपरा सरळ केला आणि तो गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला.

"पोस्टाने पाठवायचं ना?" मी विचारलं.

"पोस्टाने गेलं तर गेलं म्हणायचं. पोच हातात घेतल्याशिवाय मी कागद दिला असं मानत नाही. तिकिटं बघ."

आणि काय सांगू, पंच्याहत्तरीच्या घरातल्या काकू, गुडघ्याला पट्टा बांधून, स्वारगेटवरून पहाटेच्या एसटीने माझ्याबरोबर निघाल्या. मांडीवर पत्रांची पिशवी. ती त्यांनी वरच्या फळीवर ठेवू दिली नाही. वाटेत घाटात मला उलट्या झाल्या; त्यांना नाही.

आई आमच्याआधीच काळजीत होती. पुण्याच्या ब्राह्मणीण बाई घरी येणार, त्यांना काय वाढायचं? तिने नवीन पातेलं आणलं होतं, चूल सारवली होती, सुकी मासळी शेजारी नेऊन ठेवली होती. कुळथाची पिठी आणि भात केला. काकूंनी दोनदा पिठी घेतली आणि म्हणाल्या, "छान आहे. मीठ कमी आहे." आईला त्यातलं 'मीठ कमी' एवढंच कळलं आणि ती हिरमुसली. मी तिला बाजूला नेऊन समजावलं, की आये, ही पुण्याची सर्वांत मोठी शाबासकी आहे, ह्याच्या वर काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आम्ही नगरपंचायतीत गेलो. आवकच्या टेबलावर एक तरुण कारकून. त्याने गठ्ठा बघितला आणि खुशीत म्हणाला, "एकाच विषयाचे आहेत ना सगळे? एक वरचं पत्र जोडा, एक नंबर देतो. गावातल्यांचं पण तसंच केलं."

म्हणजे? मी विचारलं. तेव्हा त्याने सहज सांगितलं, की एकाच मजकुराखाली कितीही सह्या असोत, हरकत एकच धरतात. आमच्या अख्ख्या गावाची मिळून एक हरकत झाली होती.

काकूंनी खुर्ची ओढली. अशाच टेबलाच्या पलीकडे त्या आयुष्यभर बसल्या होत्या, अलीकडे बहुतेक पहिल्यांदाच.

"एकच मजकूर असेल तर एक हरकत," काकू म्हणाल्या. "बरोबर?"

"बरोबर."

"मग बघा. ह्यातली कुठलीही दोन सारखी काढून दाखवा. त्यांना एक नंबर द्या, माझी तक्रार नाही."

कारकून वाचायला लागला. सरांचं. आजोबांचं. समोरच्यांचं, टिपेसह. मासे न खाणाऱ्या बाईंचं. बँकेतल्या काकांच्या चौथ्या मुद्द्याशी त्याने पाण्याची बाटली बाजूला सरकवली. मग शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं. दोघांनी मिळून शोधलं. अहो, ज्या लोकांना आयुष्यात एका कागदावर सह्या करणं जमलं नाही, त्यांची दोन पत्रं सारखी कशी निघणार?

"एका विषयावर इतकं वेगळं कसं लिहिलं ह्यांनी?" कारकून थकून म्हणाला.

"पेठेत राहतात," काकू म्हणाल्या. "हं, घ्या शिक्का. हळू. तिरका मारू नका."

त्रेचाळीस शिक्के, काकूंचं आणि माझं धरून पंचेचाळीस. काकूंनी प्रत्येक पोच वाळेपर्यंत फुंकर घातली. बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसला होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पुण्यातले लोक भांडकुदळ आहेत हे किती चांगलं आहे गो."

दोन महिन्यांनी सुनावणी लागली. बँकेतले काका आणि सर, दोघेही यायलाच हवं म्हणून अडून बसले. काकांना त्यांच्या चौथ्या मुद्द्याचं उत्तर समक्ष हवं होतं. काकांच्या गाडीतून काकूंसकट आम्ही चौघं गेलो. सभागृहात आमचं गाव लोटलं होतं. समोर सुनावणी घेणारे साहेब, त्यांच्यापुढे गठ्ठा. प्रत्येक हरकत वाचायची आणि तिथेच तिला उत्तर नोंदवायचं, असा नियम. चार झाल्यावर साहेब म्हणाले, "बाकीच्या वाचल्या असं समजू."

सर उभे राहिले. "समजू नका. वाचा."

वाचायला लागले. पोटाचा मुद्दा आला तेव्हा साहेबांनी आवाज खाली घेतला, तर मागून गावातला कुणीतरी ओरडला, "मोठ्यान वाचा, ऐकाक येना नाय!" सगळं सभागृह हसलं, काका मात्र मान हलवून गंभीरपणे अनुमोदन देत होते. दुपारी जेवायची वेळ टळली तरी एकही माणूस उठेना. आमच्याकडे दशावताराला बसतात तसे बसले होते. समुद्र न पाहिलेल्या मुलाचं पत्र आलं तेव्हा मात्र हसू थांबलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मनात.

मग माझं आलं. आई मागे बसली होती. साहेबांनी विचारलं, "ह्या आजी आल्यात का?"

आई उभी राहिली. ती पदर सारखा करून म्हणाली, "सायबा, तुमच्या घराचा सांडपाणी तुमी कोणाच्या चुलीत सोडतास?"

साहेबांना कोकणी बोली नीट येत नसावी, पण एवढं कळलं. ते खाली कागदात बघत राहिले. मग, मला वाटतं काहीतरी बोलायचं म्हणून, काकूंकडे वळून म्हणाले, "मॅडम, आमच्या खाडीची काळजी घ्यायला तुम्ही पुण्याहून आलात. पुण्याच्या नदीत काय सोडतात, त्याची हरकत कुणी घेतली का हो?"

मी काकूंकडे बघितलं. आता काहीतरी तिखट येणार म्हणून मी तयार होते. पहिल्यांदा आणि आजपर्यंतच्या माझ्या माहितीत एकदाच, काकूंना उत्तर आलं नाही.

लेखी निर्णय नंतर आला. शुद्ध न करता पाणी सोडायचं नाही, पाइपाचं तोंड खाडीत आणायचं नाही, नवीन आराखडा करून पुन्हा हरकती मागवायच्या, तोवर काम बंद. बंद म्हणजे कायमचं बंद असं कुणी म्हटलेलं नाही, आणि मी अशी बाई की 'तोवर' ह्या शब्दावरच माझं मन अडकून बसलंय. पण आज आई ओहोटीला जाते. काल फोनवर सांगत होती, तिसऱ्या बऱ्या मिळाल्या, आणि पुण्याच्या त्या बाईंना विचार, मीठ आता किती घालू.

काकूंना मात्र साहेबांचं ते वाक्य लागलं. सुनावणीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गेले तर त्या घरात नव्हत्या. नदीपात्राकडे गेल्या होत्या, गुडघ्याच्या पट्ट्यासकट. तिथे एक नाला तसाच्या तसा नदीत सुटतो, तो बघून आल्या. येऊन बसल्या आणि पत्र लिहायला घेतलं. ते पत्र घेऊन मी पुन्हा त्याच पाच घरी फिरतेय. सर म्हणतात, "त्यात नवीन काय?" आजोबा म्हणतात, "आमच्या लहानपणी नदी चांगली होती," आणि दार लावतात. खाडीसाठी तीन-साडेतीन पानं लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या नदीसाठी अजून एक ओळ दिलेली नाही. परीक्षेच्या पोरांनी तेवढी सहा दिलीत. काकू रोज विचारतात, "किती झाली?" मी सांगते, "आठ. तुमचं आणि माझं धरून." त्या म्हणतात, "असू दे," आणि ताटावर बसतात, पण पोळी अर्धी टाकतात.

म्हणून काकू, हे तुम्ही वाचाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. तुम्ही माझ्या आईचा हात वाळूत राहू दिलात. ते मी सहा पोळ्यांत फेडू शकत नाही, आणि तुम्ही दुसरं काही घेणाऱ्यातल्या नाहीत हेही मला माहीत आहे. पण मी भावाला सांगून ठेवलंय. आमच्या वाडीत ज्या ज्या बाईला दोन ओळी लिहिता येतात तिच्याकडून, आणि जिला येत नाहीत तिच्याकडून सांगून घेऊन, मी तुमच्या नदीची हरकत लिहून आणणार आहे. प्रत्येकीची वेगळी. त्यांनी नदी बघितलेली नाही, त्यामुळे काय लिहितील देव जाणे, आणि शुद्धलेखनाचं तर तुम्ही बघूच नका. कधी होईल सांगता येत नाही, बायकांना वेळ नसतो, आणि गावाला जायला मला रजा मिळायची मारामार. पण आणीन. गठ्ठा तुमच्या मांडीवर ठेवीन, आणि महापालिकेच्या आवकच्या खिडकीवर तुमच्या शेजारी उभी राहून एकेकीचा शिक्का घेईन.